मधुभाऊंची पक्की गाडी

मधुभाऊ आमच्या घरी आले की आधी बसत नाहीत. खुर्चीचे तिरपे दोन कोपरे धरून तिला पिळतात. ती जरा करकरली की माझ्याकडे पोलिसासारखं पाहतात. "गुरुजी, लचकून राह्यली ना हे! सांगाडा कच्चा हाय." मग उभ्यानंच चहा पितात. बोरगावच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाची खुर्चीसुद्धा पिळली होती, नवरदेव तीत बसलेला असताना.

सौंसरला माझ्या शेजारीच त्यांचं वेल्डिंगचं दुकान. जन्मभर गेटं, खिडक्या आणि संत्र्याच्या ट्रॉल्या केल्या. साठी उलटल्यावर एका व्यापाऱ्याच्या गोदामातून जुनी विलायती स्पोर्ट्स कार ओढून आणली. दोन माणसांची, बिनटपाची, माझ्याहून वयानं मोठी. नागपूरकडे जुन्या गाड्यांची रस्त्यावरची शर्यत होते, तीत ही पळवायची, बस, डोक्यात दुसरं काही नाही.

"टप नाही म्हून हिची कंबर कच्ची," ते मला समजावत. "वळणावर पिळते. कंबर पक्की करून राह्यलो."

पहिल्यांदा त्यांनी ट्रॉलीचंच लोखंड लावलं. हाताची सवय, दुसरं काय! गाडी इतकी पक्की झाली की रामाकोन्याच्या चढावर एका बैलगाडीनं आम्हाला मागे टाकलं. वरून गाडीवाल्यानं विचारलं, "दोर देऊ का जी?" मधुभाऊंनी घरी येताच कटर पेटवला. मग सगळं कापून काढलं आणि हलके पाइप घेऊन पुन्हा बसले. सुतळीनं तिरपं माप घ्यायचं, एक टाका उजवीकडे, एक डावीकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं. अशी दोन वर्षं गेली. मजबुतीसाठी आपल्या बाजूचं दार तर त्यांनी वेल्ड करून कायमचं बंद केलं. चौसष्टाव्या वर्षी वरून टांग टाकून आत उतरायचे. एकदा पायजमा टर्रकन फाटला. "पायजमा कच्चा होता," म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी मी बसनं गेलो. ते गाडी घेऊन आले, शेजारी वहिनी, वहिनींच्या मांडीवर डबा. वहिनींना त्यांनी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसवलं आणि आम्ही तपासणीला गेलो.

तपासणीच्या साहेबांनी गाडीचा एक कोपरा जॅकवर उचलला. उजवी बाजू दगडासारखी घट्ट. डावीकडे मात्र दाराची फट हलली. साहेब खाली वाकले. "इथे दाराखालचा उंबरठा चार बोटं कापलाय. कोणी कापला?"

"म्याच."

मी चाटच पडलो. लोकांच्या खुर्च्या पिळणारा माणूस हा!

"हे दार कायमचं बंद करून आडवा पाइप टाका," साहेब म्हणाले. "आमचा वेल्डर अर्ध्या तासात करून देईल. नाहीतर गाडी शर्यतीत सोडता येणार नाही."

तिकडे एकेक गाडी सुटत होती. मधुभाऊंनी त्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही जमत साहेब. बायकोचा गुडघा वाकत नाही. यवढ्यावरूनच पाय जाते तिचा. दोन वर्सं झाले, घराबाहेर निंगाली नव्हती."

"अहो, वहिनींना मी नेतो दुसऱ्या गाडीनं!" मी ओरडलोच.

"पाहून झालं समदं, गुरुजी. कोन्याच गाडीत नाही जात."

मला राग आला होता, त्यांचा, साहेबांचा, त्या गुडघ्याचा. डोळ्यांत पाणीही आलं. मधुभाऊंनी गाडी फाटकाबाहेर आणली आणि डावं दार उघडून धरलं.

वहिनींनी डबा उचलला. "तुमची पारी कवा हाय?"

"झाली."

"अवं माय! मले तं दिसलेच नाही तुमी."

"लय फास्ट होतो," मधुभाऊ म्हणाले. "सांभाळून ठेव पाय."