कागदाचा पहिला कोपरा

कला गेली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी चादरीची घडी घातली. एकत्र केलेलं शेवटचं काम तेच. तीन वेळा घातली, कारण दोन वेळा मी चुकलो.

"डावं टोक द्या," ती म्हणाली. मी दिलं.

"हे नव्हं. चादरीचं डावं."

"चादरीला डावं-उजवं असतं व्हय?"

"तोंड ठरवलं की असतं. नक्षीची बाजू तोंड. आता सांगा डावं कुठलं."

मी चादर तिच्या अंगावर टाकली. "तूच घाल. मी माणूस हाय, मशीन न्हाई." ती हसली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला लावली. दुपारी दुसऱ्या पाळीला निघाली, कंपनीच्या बसची वाट बघत स्टॉपवर बसली आणि बसल्या जागी गेली. बायको होती माझी. पस्तीस वर्षांचा संसार.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण तिच्यासारखी चक्रम बाई मी दुसरी बघितली नाही, आणि सांगायला घरात कुणी नाही, म्हणून लिहितो.

आम्ही दापोडीत राहतो. कला चाकणच्या एका कंपनीत होती. ऑफिसातल्या मोठ्या प्रिंटरला मागून जोडायचं यंत्र तिथं बनतं. कागद छापून आला की ते यंत्र त्याला पिन मारतं, भोकं पाडतं, घडी घालतं, कडा कापतं. कला तपासणीच्या टेबलावर. यंत्रातून पडलेला गठ्ठा उचलायचा, बघायचा, चुकला तर बाजूला टाकायचा. एकोणीस वर्षं हेच केलं.

मग तिथं एक काम निघालं. तिथल्या देशमाने साहेबांनी मला नंतर समजावलं तसं सांगतो. जी ती कंपनी आपल्या यंत्राचं वर्णन आपल्या मनानं करते. एकाचा डावा कोपरा तो दुसऱ्याचा उजवा. कॉम्प्युटर हुकूम एक सोडतो आणि पिन भलतीकडं बसते. म्हणून चार कंपन्यांच्या माणसांनी बसून एकच भाषा लिहायची. घडी कशाला म्हणायचं, कोपरा कुठून मोजायचा, भोक कुठल्या कडेला. त्याला ते स्टँडर्ड म्हणतात. कलाला कुणी बोलावलं नव्हतं. ती चुकलेला गठ्ठा घेऊन थेट बैठकीत शिरली.

"डावा कोपरा लिहिलंय. डावं कुणाचं? कागदाचं, यंत्राचं, का तुमचं?"

साहेब लोक हसले. कलानं कपाळाची टिकली काढली, कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यावर चिकटवली आणि कागद गरगर फिरवला. "आडवा घाला, उभा घाला. टिकली जाईल तिकडं पहिला कोपरा. तिथून मोजा."

"मावशी, स्टँडर्डमध्ये टिकली कशी लिहायची?"

"ते तुमी बघा. पगार कशाचा घेता?"

तेव्हापासून दर गुरुवारी तिला बैठकीत खुर्ची. आणि घरात मला ताप.

हॉटेलात गेलो तर वेटरला विचारायची, "डोसा गुंडाळून आणता का घडी घालून? घडी असंल तर किती पदरी?" तो पोरगा घाबरून मालकाला घेऊन यायचा. रिक्षावाल्याला मी म्हणावं डावीकडं घे, की ही मागून, "त्याचं डावं का समोरून येणाऱ्याचं?" एकदा शेजारचे शिंदे मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. कलानं पत्रिका उलटी केली, सुलटी केली, नाकापाशी धरली.

"भाऊजी, ही पाठीकडून उघडती. तोंड कुठलं ते छापणाऱ्याला लिहून दिलं होतं का?"

शिंदे म्हणाले, "वहिनी, लग्नाला या. घडी तपासायला येऊ नका."

ती लग्नाला गेली. जेवली. येताना आहेराच्या साडीची घडी चुकलीय म्हणून मांडवात दुरुस्त करून आली.

मी चिडायचो. ओरडायचो सुद्धा. बैठकीत काय चालतं हे तिला मी एकदाही विचारलं नाही. आता चादर खाटेवर बोळा होऊन पडलीय. एकटा घालायला जातो तर दुसरं टोक जमिनीवर लोळतं. शिंदेवहिनी डबा आणून देतात, मी धुऊन परत देतो. दिवसाचं बोलणं तेवढंच.

तेरावं झाल्यावर एका संध्याकाळी देशमाने साहेब घरी आले. तरुण आहेत. चहा घेतला, मग म्हणाले, "काका, मावशींची एक ओळ अडकलीय."

"कसली ओळ?"

"प्रत्येक यंत्राच्या वर्णनात सगळ्यात आधी लिहायचं, की कागद अडकला तर माणसाचा हात कुठल्या बाजूनं आत जातो आणि तेव्हा आतलं काय हलत असतं. बाकीचे म्हणतात हे वर्णनात बसत नाही. कॉम्प्युटरला हाताचं काय करायचंय? मावशींनी चार बैठका अडवून धरल्या. उद्या सकाळी शेवटची. त्या नाहीत म्हटल्यावर ओळ काढतील."

"तिनं कारण काय सांगितलं?"

"तेच तर सांगायच्या नाहीत. विचारलं की म्हणायच्या, कारण घरी आहे."

मी कप खाली ठेवला.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भोसरीच्या एका वर्कशॉपात माझ्या उजव्या हाताची दोन बोटं पत्रा कापायच्या प्रेसखाली गेली. तुकडा अडकला म्हणून मी बाजूनं हात घातला. पुढं उभ्या असलेल्या गड्याला माझा हात दिसत नव्हता. त्यानं पायानं पेडल दाबलं. कुठून हात घालायचा, कुठून नाही, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. कलानं सहा महिने मला भरवलं, शर्टाची बटणं लावली. त्यानंतर त्या बोटांबद्दल एक अक्षर बोलली नाही. मला वाटायचं विसरली.

साहेबांना बैठक किती वाजता ते विचारलं. दारापर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि चाकणची बस धरली. देशमाने साहेब गेटवर येऊन मला वर घेऊन गेले. गार खोली, आठ-दहा माणसं, भिंतीवरच्या पडद्यात आणखी दोघं. इंग्रजीत काहीतरी चाललं होतं. मी कलाच्या खुर्चीवर बसलो, उजवा हात टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि म्हणालो, "हा आत कुठून गेला ते सांगतो. लिहून घ्या."