विनापरवाना पिळलेली चादर

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं याबाबत कोणतंही परिपत्रक उपलब्ध नाही. त्यामुळे नोंदणी कार्यालयातून सुटल्यावर मी पंधरा दिवस घरात नुसता बसून काढले आणि सोळाव्या दिवशी कौटुंबिक विवाद मध्यस्थ होण्याच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. सबंध आयुष्य लोकांच्या अर्जांत चुका काढण्यात गेलं होतं. आता थेट लोकांत काढाव्यात, एवढाच विचार.

नाव खरं तर बायकोने घालायला हवं होतं. आमच्या इमारतीत कुणाचंही वाजलं की प्रकरण तिच्याकडे येतं. ती समजूत वगैरे घालत नाही. दोघांना गच्चीत नेते, बादलीतली ओली चादर काढते, एक टोक एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या, आणि म्हणते, "पिळा." आता चादर काही एकट्याने पिळली जात नाही. समोरचा कुठल्या बाजूला पीळ देतोय हे बघावं लागतं, म्हणजे त्याच्या तोंडाकडेही बघावं लागतं. बहुतेक भांडणं दुसऱ्या चादरीपर्यंत मिटतात. सासू-सुनेचं असेल तर पडदेही काढावे लागतात.

पण नवा नियम आला होता. प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीने कौटुंबिक वाद मिटवू नये. मी तो बायकोला वाचून दाखवला.

"बरं," ती म्हणाली, "मग माझ्या चादरी कोण पिळणार?"

याचं उत्तर नियमावलीत नव्हतं.

प्रशिक्षणाला दोन प्रशिक्षिका होत्या. त्यांचं एकमेकींशी बोलणं बंद होतं. दुपारचा वर्ग कोणी घ्यायचा यावरचा त्यांचा वाद विहित कार्यपद्धतीनुसार तीन वर्षं प्रलंबित होता. पहिला धडा तटस्थतेचा. मध्यस्थाने मत देऊ नये, हसू नये, मान हलवू नये. हलवावीच लागली तर दोन्ही पक्षांकडे सारख्याच वेळा हलवावी. काहीही कानावर पडलं तरी बोलायचं वाक्य एकच: "तुम्हाला असं वाटतंय, असं माझ्या लक्षात येतंय." हे आम्ही आठवडाभर एकसुरात घोकलं.

शेवटी प्रात्यक्षिक. एक खरा वाद, दीड-दीड तासाच्या किमान पाच बैठका.

"आणि पहिल्याच बैठकीत मिटला तर?" मी विचारलं.

"तर तो वाद नव्हता," सकाळच्या प्रशिक्षिका म्हणाल्या. "दुसरा शोधा."

शोधायचा कुठे? तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने सकाळी माझ्या अर्जावर सह्या केल्या आणि दुपारी बघतो तर गच्चीत आमच्या चादरी वाळत होत्या आणि ते दोघं चिमटे लावत होते. मग मात्र मी बायकोला स्पष्ट सांगितलं, "माझं प्रमाणपत्र अडलंय. महिनाभर कुणाकडून काही पिळून घेऊ नकोस. निथळू दे."

आणि माझं नशीब उघडलं. वरच्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ राहतो. त्याच्या बायकोला तयार व्हायला वेळ लागतो म्हणून त्याने घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलं. भावजयीने ते मागे घेतलं. त्याने पुन्हा पुढे. असं चार दिवस चाललं आणि पाचव्या दिवशी ती फणफणत खाली आली.

"ताई कुठे आहेत?"

बायकोने बादलीत हात घातलाच होता. मी मध्ये उभा राहिलो.

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे," बायको म्हणाली.

"म्हणूनच नको," मी म्हणालो आणि भावजयीपुढे अर्ज ठेवला.

पहिल्या बैठकीत दोघं हसत होते. भाऊ म्हणाला, "दादा, जाऊ दे ना, पाच मिनिटांवर तडजोड करतो." मी त्याला तिथेच थांबवलं. तडजोडीचा रकाना पाचव्या पानावर होता. दुसऱ्या बैठकीसाठी "दडलेले विवाद" असा तक्ता होता, त्यात वीस जागा, आणि एकही कोरी सोडायची नव्हती. सातपर्यंत ते कसेबसे पोचले. पुढे मी धीर दिला, "आठवा, सावकाश आठवा." मग भावाला आठवलं की लग्नाच्या फोटोत ती त्याच्याऐवजी फोटोवाल्याकडे बघत होती. तिला आठवलं की तिच्या आजारपणात त्याने सासूला फोन करून औषधाऐवजी पातेलं कुठे असतं ते विचारलं होतं. तिसऱ्या बैठकीला पुरवणी कागद जोडावे लागले. चौथ्या बैठकीला दोघं वेगवेगळ्या दारांनी आले. आमच्या दिवाणखान्याला दुसरं दार नसल्याने भाऊ खिडकीतून आला.

पाचव्या बैठकीत दोन्ही पक्षांचं पूर्ण एकमत झालं. वेगळं राहायचं. घड्याळ पंधरवड्याला आलटूनपालटून. बावीस वर्षांत त्यांचं इतक्या पटकन एकमत कधी झालं नव्हतं. निकालाच्या रकान्यात मी "यशस्वी" लिहिलं.

भावजय बॅग घेऊन माहेरी निघाली तेव्हा आमच्या दाराशी थांबली. डोळे सुजलेले. "दादा, तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं, पुरे झालं म्हणून. आम्ही दोघंही त्याचीच वाट बघत होतो."

"तुम्हाला असं वाटतंय, असं माझ्या लक्षात येतंय," मी म्हणालो.

मला स्वतःचीच लाज वाटली. पण तोंडातून तेच आलं. पाठांतर पक्कं झालं होतं. भाऊ त्या दिवसापासून आमच्या सोफ्यावर झोपू लागला. त्याचे पाय बाहेर राहायचे. बायको त्यावर पांघरूण घालायची आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

प्रमाणपत्र आलं, पण एका अटीवर. झालेला करार नव्वद दिवस टिकला पाहिजे, नाहीतर प्रमाणपत्र रद्द. ऐंशी दिवस मी मोजून काढले. एक्याऐंशीव्या दिवशी दुपारी बायकोने भावजयीला "तुझी शाल राहिलीय" म्हणून बोलावून घेतलं. मी मागोमाग गच्चीवर गेलो आणि दाराआड उभा राहिलो.

भाऊ आणि भावजय, दोघांच्या हातात चादरीची टोकं होती. पहिली चादर त्यांनी पिळली. दुसऱ्या चादरीला तिने विचारलं, "किती वाजले?"

"तुझे की माझे?" भाऊ म्हणाला.

आधी ती हसली, मग तो. हसता हसता तिला रडू फुटलं आणि तो चादर सोडून धावला. चादर पुन्हा मळली. इतका आनंद मला निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता.

मग मी खाली आलो आणि तक्रार लिहिली. विषय: करारभंगास चिथावणी व विनापरवाना मध्यस्थी. तक्रार कुणाविरुद्ध: पत्नी.

आठवड्यात उत्तर आलं. सदर बाब पती-पत्नींमधील विवाद असल्याने मध्यस्थाकडे वर्ग करण्यात येत आहे. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षणार्थी मध्यस्थ हजर झाला. वजनमापे खात्यातून नुकताच निवृत्त, हातात वीस जागांचा तक्ता, चेहऱ्यावर ओळखीचा आनंद.

पहिल्या बैठकीत बायको फक्त एवढंच बोलली, "अहो, बादलीत चादर आहे. येता?"

मी मध्यस्थाकडे पाहिलं. त्याने चार बोटं दाखवली. चार बैठका बाकी होत्या. त्या बिचाऱ्याचंही प्रमाणपत्र अडलं होतं. मी बसून राहिलो. तिने वाट पाहिली, मग बादली उचलली आणि एकटीच वर गेली.

काल पाचवी बैठक झाली. आजपासून सोफ्यावर मी झोपतो. करारावर एका तटस्थ साक्षीदाराची सही हवी आहे आणि इमारतीत माझ्या बाजूने तटस्थ असं कुणी उरलेलं नाही. म्हणून हे सगळं तुमच्यापुढे मांडलं. मघापासून बघतोय, चूक कोणाची हे तुम्हाला पहिल्या बैठकीतच कळलं होतं. तरी पाचही बैठकांना तुम्ही मन लावून बसलात आणि पुरे झालं असं तुम्हीही एकदा म्हणाला नाहीत. तेव्हा इथे सही करा. आणि जमल्यास प्रशिक्षणाला नाव घाला. पुढच्या तुकडीत जागा आहेत.