शेवटच्या कडव्याचा कंदील

परदेशातून शिकून आलेल्या माणसाने घरी येऊन काहीतरी सुधारलंच पाहिजे, या मताचा मी आहे. (नक्की काय, ते तिथे शिकवत नाहीत.) मी कंदील सुधारायला घेतले.

आमच्या चर्चच्या संताच्या सणाला संध्याकाळी मुलांची कंदिलांची मिरवणूक निघते. रीत अशी, की पुढे चालणाऱ्याचा दिवा विझला तर त्याने निमूटपणे रांगेच्या शेवटी जायचं. आणि गाणं संपल्याशिवाय कुणी दारातून आत पाऊल टाकायचं नाही. गेल्या वर्षी माझी भाची पुढे होती आणि तिच्या प्लास्टिकच्या कंदिलाने अर्ध्या वाटेत मान टाकली. तो अपमान पोर अजून विसरली नव्हती. यंदा फादरनी तिला पुन्हा पुढे ठेवलं होतं.

"प्लास्टिक!" मी दाजींवर कडाडलो. "बटण दाबलं की पेटतो, तो काय कंदील? ही भक्ती आहे की टॉर्च?"

दाजींचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. गावभरचे कंदील तिथूनच जातात. त्यांनी चहाचा घोट घेतला. "मेहुणे, सेल नवे घातले की चालतो."

"सेल बदलून श्रद्धा उजळत नाही!" (हे वाक्य मी विमानातच तयार केलं होतं.)

"मामा, माझा विझणार नाही ना?" भाचीने विचारलं.

"मामाने केलेला कंदील विझत नसतो," मी म्हणालो.

ताईच्या दिवाणखान्यात मी आळीतली पोरं जमवली. नवा कागद आणणं म्हणजे झाडाचा खून, म्हणून घरातलाच शोधला. कपाटावर एक गठ्ठा सापडला. जाडजूड, पांढराशुभ्र, मागून कोरा. पुढून एकेका कागदावर भल्यामोठ्या अक्षरांत गाण्याचं एकेकच कडवं! गेल्या वर्षीचं असणार. कागदाचा काय हा माज! मी खळ शिजवली, पोरांनी ती निम्मी कागदाला आणि निम्मी एकमेकांच्या केसांना लावली. अक्षरं बाहेर ठेवली, शोभा म्हणून. उजेड झिरपावा म्हणून वरून तेलाचा हात फिरवला. गठ्ठ्याच्या तळाचे सगळे कागद माझ्या स्वतःच्या अवाढव्य ताऱ्याला लागले. पुढाऱ्याचा कंदील लहान असून कसं चालेल?

निघायच्या वेळी ताई कपाटाशी उभी राहून ओरडली. ताई गायनमंडळाची प्रमुख आहे.

"अरे, इथला गठ्ठा कुठाय?"

"कुठला गठ्ठा?" मी विचारलं.

"आजच्या नव्या गाण्याचा! कुणाला एक ओळ पाठ नाही. म्हाताऱ्यांना दिसावं म्हणून मुद्दाम मोठं छापून घेतलं होतं."

मी कंदिलांकडे बोट दाखवलं. ताईने कंदील पाहिले, मग मला पाहिलं.

"एवढ्या लांब जाऊन हेच शिकून आलास?"

मिरवणूक निघाली. पहिलं कडवं भाचीच्या कंदिलावर होतं, ते सगळ्यांनी झोकात म्हटलं. दुसऱ्यासाठी सगळं गायनमंडळ सुताराच्या मुलामागे धावलं. तो घाबरून पळाला, तसं गाणंही पळालं. "अरे ए, उभा राहा, माझी ओळ राहिलीय!" एक आजोबा काठी उगारून ओरडत होते. तिसरं कडवं एका मुलीने कौतुकाने स्वतःकडे वळवून धरलं होतं. ते तिने एकटीनेच म्हटलं.

शेवटचं कडवं माझ्या ताऱ्यावर होतं. आणि नेमका तेव्हाच तेल प्यायलेला माझा तारा भडकला. मी तो फेकला, फादरनी त्यावर बादली ओतली आणि आमेनसकट कडवं राख झालं.

आता गाणं संपेना. गाणं संपेना म्हणून आत जाता येईना. दारापाशी पोचलं की पुन्हा पहिलं कडवं, पुन्हा चर्चला प्रदक्षिणा. दर फेरीला माझी नजर भाचीच्या कंदिलावर. आतली मेणबत्ती बोटाएवढीच होती, मीच कापली होती. पण दिवा तेवत राहिला! शेवटी फादरच थकले आणि त्यांनी हात उंचावून मोठ्याने "आमेन" म्हणून टाकलं. भाची सगळ्यांच्या पुढे, दिव्यासकट आत शिरली. माझे डोळे भरून आले.

"पाहिलंत दाजी?" मी म्हणालो. "हाताने केलेल्या वस्तूत जीव असतो!"

भाचीने मला खाली वाकवलं आणि कानात म्हणाली, "मामा, मेणबत्ती तर फाटकातच विझली होती. बाबांनी आधीच आत सेलचा दिवा ठेवला होता."

"मग मला का नाही सांगितलं?"

"आई म्हणाली, राहू दे. मामा इतक्या लांबून आलाय, त्याला काहीतरी जमलंसं वाटू दे."