दोन शेळ्या

कोणतीही लाजरी मुलगी मी महिन्याभरात बोलती करते, असं मी मुख्याध्यापिकांना ठणकावून सांगितलं होतं. आमची शाळा मुलींची, इस्लामी. कुणाचाही फोटो किंवा व्हिडिओ काढायचा नाही, हा नियम. म्हणून मी शाळेत चाचणीपुरत्या आणलेल्या टॅब्लेटवर एक ॲप शोधलं. मुलीने फक्त बोलायचं. ॲप ते रेकॉर्ड करून ठेवतं आणि पडद्यावर तिच्या आवाजात एखादा प्राणी बोलतो. नाव नाही, चेहरा नाही, मग लाजायचं कुणाला? मुख्याध्यापिका म्हणाल्या, महिनाअखेरीस आयांच्या सभेत दाखवा. जमलं तर टॅब्लेट राहतील, नाहीतर परत!

माझा हुकमी एक्का होती सहावीतली चिमणी. हे नाव मीच ठेवलेलं. हजेरीला ती इतकं हळू 'हजर' म्हणायची, की निम्मा महिना मी तिला गैरहजर मांडलं होतं. तिने शेळी निवडली आणि कपाटामागे बसून एक दुआ अर्थासकट अशी खणखणीत म्हटली, की माझे डोळेच भरून आले.

सभेत सुरुवातीचं भाषण मात्र माझं होतं. इथे एक कबूल करायला हवं. मुलींसमोर मी वाघीण असते. मोठ्या माणसांसमोर माझी बोबडी वळते. म्हणून आदल्या दिवशी घरी त्याच टॅब्लेटवर सराव केला. चिमणीला शेळी लाभली, म्हटलं आपणही शेळीच घेऊ.

सभेला सभागृह आयांनी गच्च भरलं होतं. भाषण मी दोन वाक्यांत गुंडाळलं, चिमणीला शेजारी उभं केलं आणि शेळीवर बोट दाबलं. ॲपमध्ये नावं नसतात याचं मला कोण कौतुक! शेळ्या दोन होत्या.

पडद्यावरच्या शेळीने तोंड उघडलं आणि माझ्या आवाजात म्हणाली, "सन्माननीय मातांनो... सन्माननीय... अहो, माझ्या पायांना कापरं भरतंय. त्या पहिल्या रांगेतल्या उद्या टकामका बघतील हो!" रेकॉर्डिंगमध्येच मागून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "मुलींना सांगतेस तसं कर की. खोल श्वास घे."

पहिली रांग हसली, मग सगळं सभागृह. बंद करायला गेले तर आवाजच वाढला. मुख्याध्यापिका उठून उभ्या राहिल्या. टॅब्लेट गेले, आता नोकरीही जाते की काय!

तेवढ्यात कुणीतरी माझा दुपट्टा ओढला.

"आपा, तुम्ही बसा. मी बोलते."

चिमणी पुढे गेली. हातात टॅब्लेट नाही, समोर कपाट नाही. आधी आवाज कापला, मग स्थिरावला, आणि पूर्ण दुआ अर्थासकट शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. तिची अम्मी तोंडावर हात ठेवून रडत होती. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

सभा संपल्यावर मी धीर करून मुख्याध्यापिकांना गाठलं. मुलगी बोलती झाली, तेव्हा टॅब्लेट ठेवायचे ना, असं विचारलं.

"ठेवू," त्या शांतपणे म्हणाल्या. "पुढच्या सभेचं भाषण ही मुलगी तुमच्याकडून बसवून घेईल."

मी 'हो' म्हटलं, पण चिमणीच्या 'हजर'पेक्षाही हळू.