वरच्या पट्टीचे राणेकाका

राणेकाका गाणं रेकॉर्ड करायला बसले की आधी फ्रिज बंद करतात. मग पंखा. मग माझा कुकर. शेवटी खिडकीतून वाकून खाली वॉचमनला ओरडतात, "पाच मिनिटं पंप बंद ठेव रे!" शांतता करताना सगळ्यात जास्त आवाज काकांचाच होतो.

मी त्यांच्याकडे अंधेरीला दोन वेळचं जेवण करते. फोन धरायचं कामही माझ्याकडेच आलं. आधी स्टँड आणला होता, तो गाण्याच्या मधेच मान टाकायचा. मग काका म्हणाले, "सुमन, तू धर. तू बोलत नाहीस, हा तुझा मोठा गुण." बोलणार कधी? त्यांचं बोलणं संपेपर्यंत माझ्या चपात्या होऊन जातात.

त्यांचा एक ग्रुप आहे. सगळे हौशी. घाटकोपरची एक डेंटिस्ट मुलगी, एक शाळेतल्या बाई, मुलुंडचे कर्णिक, असे नऊजण. दर शनिवारी प्रत्येकाने एक जुनं पॉप गाणं, हिंदी नाहीतर इंग्रजी, नुसत्या गिटारवर गाऊन ग्रुपवर टाकायचं. गिटारला वायर लावायची नाही, हा नियम काकांचा. "शुद्ध लाकूड, शुद्ध गळा!" असं ते म्हणतात. कौतुक कशाचंही असो, शब्द हेच. मी पहिल्यांदा सोलकढी केली तेव्हा वाटी रिकामी करून ते म्हणाले, "शुद्ध लाकूड!" मी दोन दिवस कढीत काय चुकलं ते शोधत होते.

नंतर तेच गाणं ते नेटवर सगळ्यांसाठी टाकतात. एकदा मी म्हटलं, "काका, अकराच जणांनी बघितलं." तर म्हणाले, "अकराच? अकरा माणसं आपल्या हॉलमध्ये बसवून बघ गो. चहा करता करता तुझी वाट लागेल."

इंग्रजी गाण्यांचे शब्द मला कळत नाहीत. काकांना सगळे कळतात असंही नाही. एक गाणं त्यांनी डोळे मिटून इतकं कळवळून गायलं की मलाच भरून आलं. डेंटिस्ट मुलीने खाली लिहिलं, "काका, त्या गाण्यातल्या माणसाला ती मुलगी हो म्हणालीय. लग्न ठरलंय त्यांचं. तुम्ही रडताय का?" काकांनी उत्तर दिलं, "माझ्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. मला विचार."

काकू तेव्हा शेजारीच मटार सोलत होत्या. त्यांना मी वाचून दाखवलं तर नुसत्या हसल्या.

काकांचा खरा अभिमान म्हणजे त्यांचा वरचा सूर. गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्यांची घरं असतात, तिथे एक चिमटा लावतात, त्याला कॅपो म्हणतात. तो जितका वर सरकवाल तितकं गाणं चढतं. काकांचा चिमटा पाचव्या घरात. ग्रुपमध्ये तिथे कोणी पोचत नाही. मरोळच्या कंपनीत नोकरीला होते तेव्हा मशीन चालू असतानासुद्धा त्यांचं गाणं गेटपर्यंत जायचं, असं तेच सांगतात.

त्यामुळे चिमटा जेव्हा चौथ्या घरात आला तेव्हा मला चुकून लागला असेल असं वाटलं. महिन्याभराने तिसऱ्यात आला. दिवाळीनंतर तर काका चिमटा न लावताच गायला लागले, विहिरीत उतरल्यासारखं.

ग्रुपला तेवढंच हवं होतं. "काका, बॅटरी उतरली का?" "राणे, सर्दी की म्हातारपण?" एरवी कोणी एक बोललं तर काका चार सुनावतात. आता नुसते अंगठे पाठवत होते.

वर्षातून एकदा हे सगळे मुलुंडला हॉल घेऊन समोरासमोर गातात. शेवटचं गाणं कायम काकांचं. यंदा कर्णिकांचा फोन आला. रेकॉर्डिंगसाठी फोन माझ्याच हातात होता, मी स्पीकरवर लावला, त्यामुळे ऐकू आलं. "हे बघ राणे, पाचव्या घरात गाणार असशील तर शेवटचं गाणं तुझं. नाहीतर चहाच्या वेळेला गा. वाईट नको वाटून घेऊस."

"कळवतो," काका म्हणाले. त्या दिवशी फ्रिज बंद करायचंही विसरले.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी लवकर गेले. दार उघडंच होतं. काकू बाल्कनीत पाठमोऱ्या मेथी निवडत होत्या. काका मागे, चार पावलांवर, गिटार घेऊन उभे. चिमटा पाचव्या घरात. एक ओळ गायले, अगदी वरची. काय आवाज! मी दारातच थांबले. काकूंचे हात चालूच. काकांनी चिमटा खाली सरकवला, तीच ओळ गायले. मेथीच. आणखी खाली. मेथीच. मग चिमटा काढून खिशात टाकला आणि तीच ओळ तळातून काढली. काकूंचा हात थांबला. मान हलली. पायातली चप्पल ठेका धरायला लागली.

काकांनी मला पाहिलं आणि स्वयंपाकघरात आले.

"कानातून वरचे आवाज आधी जातात म्हणाला डॉक्टर."

"मग कानाचं मशीन?"

"आणलंय. कपाटात आहे. ती म्हणते, मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हो. बोलतो."

"पण ग्रुपवर तरी सांगा ना. ते काहीबाही बोलतात तुम्हाला."

"तिचे कान चव्हाट्यावर मांडू?" काका एवढे चिडले की मी कणीक पुढे ओढली.

हॉलमध्ये फोन धरायला मला नेलं. काका चहाच्या वेळेला गायले. लोक वडे घेत होते, बशा वाजत होत्या, कोणी कोणाला चटणी मागत होतं. काका कोणावर ओरडले नाहीत. खालच्या पट्टीत पूर्ण गाणं गायले, पहिल्या रांगेकडे बघून. पहिल्या रांगेत फक्त काकू होत्या.

गाणं संपल्यावर कर्णिक काकूंसमोर वाकले आणि हळहळून म्हणाले, "वहिनी, राणेला डॉक्टरला दाखवा. गळा गेला हो त्याचा."

"गेला?" काकू म्हणाल्या. "अहो, एक्केचाळीस वर्षांत आत्ता कुठे सूर लागायला लागलाय यांचा."

कर्णिकांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "बरोबर आहे तिचं," आणि वडा घ्यायला गेले.

शेवटचं गाणं डेंटिस्ट मुलीने गायलं. बारीक, उंच आवाज, सगळा हॉल गप्प झाला. काकू तिच्या ओठांकडे बघत हसऱ्या चेहऱ्याने बसल्या होत्या, मधे टाळ्या पडल्या की आजूबाजूला बघून जरा उशिरा वाजवत होत्या. काका येऊन शेजारी बसले. त्यांनी काकूंचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एका बोटाने त्यावर ठेका द्यायला लागले.

"सोडा हो, लोक बघतायत," काकू म्हणाल्या.

काकांनी ठेका चुकू दिला नाही.