भाताचे वैरी भानुदासअण्णा

आमचे शेजारी भानुदासअण्णा माणसाला नमस्कार करत नाहीत, त्याचा दंड दाबून बघतात. घट्ट लागला तर म्हणतात, "ज्वारी." मऊ लागला तर, "भात." मग समोर तहसीलदार असो की कुणाचा व्याही.

माझ्या लेकीच्या साखरपुड्यात त्यांनी नवरदेवाचाच दंड दाबला. चारचौघांत म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय, पण भातावर वाढलंय." माझ्या तोंडचं पाणी पळालं. परळीहून आलेल्या विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. अण्णांचं आपलं चालूच. "गिरणीत तांदळाचं सगळं सत्त्व कोंड्यात जातं, अन् कोंडा जातो म्हशीला. सांगा आता, शहाणं कोण?" पंगतीत खिशातून बाजरीची भाकरी काढून बसले. बाजरीत लोह, ज्वारीत चोथा, हे वाढप्यालाही ऐकवलं. भाताचं पातेलं आलं की ताटावर आडवा हात. सोयरीक मोडली नाही, ही आमच्या लिंबागणेशच्या गणपतीची कृपा.

लेकीच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत अण्णांच्या बायकोला, वत्सलाकाकूंना, लकवा मारला. परवा दुपारी मी त्यांचं धान्य पाखडायचं सूप परत द्यायला गेले, तर दोघं जेवत होती. अण्णांच्या ताटात भात. पांढराशुभ्र, गिळगिळीत, वर दूध. माझ्या हातातलं सूप खाली पडलं. अण्णांनी घाईघाईनं मला अंगणात नेलं.

"हिला भाकर चावत न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "आपल्याकडं भात कवा शिजायचा? सणाला, न्हाईतर घरात दुखणाईत असलं तर. एकटीच्या ताटात वाढला की ही ताट सारायची. म्हणायची, आता मी उठत न्हाई, म्हणूनच भात देता. लई वाळली. मग मीबी घेतला. म्हणलं, आज सण हाय."

"रोज सण?"

"रोज."

आतून काकूंचा जड आवाज आला, "अवो, आज कोन्ता सण, सांगितलंच न्हाई."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. त्यांचे सगळे सण संपले असावेत. घरातली एक बातमी मी अजून कुणाला सांगितली नव्हती, पण आत जाऊन बसले.

"काकू, माझ्या लेकीला दिवस गेलेत. मलाही वाढा."

काकू अर्ध्या ओठानं हसल्या आणि त्यांनी पुढचा घास घेतला. अण्णांनी माझ्यासाठी ताट मांडलं, भात वाढला, आणि सवयीनं माझा दंड दाबला.

"थोडाच घे, पोरी," म्हणाले.