सर्वांच्या सुखासाठी एक स्वेटर

परिणामांचा अंदाज बांधण्यात सरांचा हात कोणी धरू शकत नसे, निदान सरांचं तसं मत होतं. सर कॉलेजात नीतिशास्त्र शिकवत. नोकरी तात्पुरती होती, पण आव कायमचा. घरचेसुद्धा त्यांना सरच म्हणत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कृती चांगली की वाईट, हे तिच्या परिणामांवरून ठरवायचं. ज्यातून जास्तीत जास्त लोकांना सुख मिळेल ते करायचं आणि मोकळं व्हायचं. नियमाला चिकटून बसणारे त्यांना हट्टी वाटत, आणि 'आधी माणूस चांगला घडवा, मग तो चांगलाच वागेल' असं म्हणणारे भाबडे.

त्यांचे सासरे आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले. स्टीअरिंग धरून बोटं आखडली होती, म्हणून डॉक्टरांनी बोटांना काहीतरी चाळा लावून घ्या असं सांगितलं. सासऱ्यांनी विणकाम धरलं. पहिला स्वेटर अर्थातच जावयाला आला. रंग शेवाळी. एक बाही मनगटाच्या अलीकडेच संपत होती, दुसरी बोटं गिळून खाली लोंबत होती, आणि गळा इतका तंग की डोकं बाहेर आलं तरी कान आतच राहायचे.

सरांनी आरशासमोर उभं राहून हिशेब केला. खरं बोललो तर एक म्हातारा माणूस दुखावतो. खोटं बोललो तर कोणाचंच काही बिघडत नाही.

"बाबा, असा स्वेटर मी आयुष्यात घातला नव्हता," ते म्हणाले.

हे तर खोटंही नव्हतं, म्हणून सर स्वतःवर आणखीच खूश झाले.

सासरे आपल्या घरी परतल्यावर बायको म्हणाली की खोटं ते खोटं, सरळ सांगून टाका. सरांनी तिला समजावलं की हा झाला नियमवाद. तिने सांगितलं की हा वादबीद काही नाही, ते माझे बाबा आहेत आणि मी त्यांना ओळखते. सरांनी हा मुद्दा अशास्त्रीय म्हणून सोडून दिला.

मग मफलर आला. कानटोपी आली. मोजे आले, त्यांची टाच चवड्यावर होती. पुढे गाडी कपड्यांवरून सामानावर घसरली. टीव्हीला झूल मिळाली, पुस्तकांच्या कपाटाला पडदा, किटलीला कोट. दर रविवारी सासरे पिशवी घेऊन हजर होत आणि सर दारातच हरखून दाखवत. आता माघार घेण्याची सोय नव्हती. कौतुक जेवढं जास्त, तेवढा खरं सांगितल्यावरचा धक्का मोठा. म्हणजे पुन्हा कौतुकच करणं भाग होतं. हिशेब चोख होता, फक्त घरात लोकर नसलेली जागा उरली नव्हती.

अशात सरांना कायम नेमणुकीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. ही संधी शेवटची होती. हुकली असती तर वयाची अट ओलांडून सर कायमचे घरी बसणार होते. त्या दिवशी सासरे सकाळीच येऊन थडकले. जावईबापूंनी पहिलाच स्वेटर घालून जावं, अशी त्यांची इच्छा होती, आणि तो बघायला ते स्वतः सोबत निघाले. सरांनी पुन्हा हिशेब केला. समितीत सगळी अभ्यासू माणसं, कपड्यांकडे कोण बघतं?

मुलाखतीच्या खोलीत शिरताना लांब बाहीचा धागा दाराच्या बिजागरीत अडकला. सरांना पत्ता नाही. ते खुर्चीपर्यंत पोहोचले तेव्हा ती बाही उसवत बरोबर मनगटावर आली होती, म्हणजे स्वेटर पहिल्यांदाच मापाचा झाला होता. पण सरांना हातवारे करून बोलायची सवय. नियमवादाचं खंडन करेपर्यंत कोपर उघडं पडलं. लोकरीच्या गुंत्यामुळे दार लागत नव्हतं, आणि बाहेरच्या बाकावर सासरे मान पुढे काढून बसले होते.

समितीच्या अध्यक्षबाई बराच वेळ नुसत्या धाग्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "हा स्वेटर कोणी विणला?"

"माझ्या सासऱ्यांनी."

"छान आहे असं वाटतं तुम्हाला?"

सरांनी हिशेब मांडायला घेतला. हो म्हणावं, तर डोळ्यांदेखत खोटं बोलणारा माणूस म्हणून नोकरी गेली. नाही म्हणावं, तर सासरे ऐकत होते. हिशेब सुटेना. त्यातून आत भलतंच काहीतरी होऊ लागलं. या साध्या माणसाला आपण महिनोन्महिने फसवलं, याची सरांना लाज वाटली. परिणाम काहीही होवोत, ती लाज जागची हलत नव्हती.

"वाईट आहे," सर म्हणाले. "पहिल्या दिवसापासून वाईट आहे. मी खोटं बोललो. परिणाम काय होणार ते आपल्याला कळतं, असं धरून चाललो होतो."

बाहेरून मोठा सुस्कारा ऐकू आला. सासरे दारात येऊन उभे राहिले.

"सुटलो एकदाचा," ते म्हणाले.

सरांना ती जागा मिळाली, पण ते कळायला पुढे बरेच दिवस गेले. त्या दिवशी दोघं बसमध्ये शेजारी शेजारी बसून परत आले, सर दीड बाहीचे. सासऱ्यांनी तेव्हा सगळं सांगितलं. विणकामाचा त्यांना पहिल्या आठवड्यातच वीट आला होता. सुया टोचत, बोटं आणखीच आखडली. पण तो स्वेटर बघून जावयाचा चेहरा असा काही फुलला की त्यांना थांबवेना.

"म्हटलं, पोराच्या नोकरीचा भरवसा नाही, तेवढंच त्याला सुख," ते म्हणाले.

सरांनी पुन्हा हिशेब मांडला.

"म्हणजे तुम्ही माझ्या सुखासाठी विणत होता, आणि मी तुमच्या सुखासाठी घालत होतो. मग बाबा, या सगळ्यात सुखी कोण झालं?"

सासऱ्यांनी खिडकीबाहेर बघत मनापासून विचार केला.

"लोकरवाला," ते म्हणाले.